नॉयश्टाट, पण कुठलं?

बंदरावर दुकान असलं की गिऱ्हाईक माल घेऊन लगेच जात नाही. होडी पलीकडून यायची असते, भरती व्हायची असते, वारा पडायचा असतो. तोवर माणूस पोत्यावर बसतो. आणि बसलेला माणूस बोलणार नाही तर काय करणार! माल आला तसा गेला, ही बोलणी मात्र दुकानातच राहिली. डांबराच्या डब्याला कितीही पुसा, वास जातो का?

माझं दुकान दिघीला, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. दोरखंड, गळ, डांबर, रंग, कंदील आणि कंदिलाच्या काचा. शिक्षण मराठी चौथी. इंग्रजी शिकलो ते मालाच्या खोक्यांवरून. 'धिस साइड अप' हे मला आलेलं पहिलं पूर्ण वाक्य! पुढे डिक्शनरी घेतली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहू लागलो. चुका व्हायच्या, पण माल यायचा.

बैठकीला कायमचे दोघे. एक शाळेचे भिडे मास्तर. दुसरे इब्राहिम सारंग, आमचे सारंगचाचा. उभी हयात आगबोटींवर काढून घरी परतलेले. मास्तरांनी सगळं जग नकाशात पाहिलेलं आणि चाचांनी सगळं जग बंदरातून पाहिलेलं. त्यामुळे दोघांचं कधी पटायचं नाही आणि दोघांना एकमेकांवाचून करमायचं नाही.

*

आमच्याकडे बोर्ल्या दोन. खाडीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, बोर्ली पंचतन. पलीकडे मुरूडच्या वर बोर्ली मांडला. 

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पंचतनला एका मुलीचं लग्न. स्वयंपाकाची मोठी भांडी मुरूडहून भाड्यानं ठरवलेली. सकाळपासून मुलीचा बाप माझ्या दुकानात बसून खाडीकडे बघतोय. होडी आली, गेली, परत आली. भांडी नाहीत! गाडीवानानं 'बोर्लीला' एवढंच ऐकलं होतं आणि बैल उलट्या दिशेला हाकले होते. शेवटी घराघरातली पातेली गोळा करून बिचाऱ्यानं पंगती उठवल्या.

तिसऱ्या दिवशी भांडी आली. घासूनपुसून लखलखीत, आणि सर्वांत मोठ्या हंड्यात लाडू! सोबत मांडल्याचा एक म्हातारा. मुलीच्या बापानं त्याला फैलावर घेतलं, "अहो, तुमची भांडी नव्हती ना? मग परत का नाही धाडलीत?"

म्हातारा म्हणाला, "आमच्याकडं पण लगीनच व्हतं वो! कुनीतरी देवमानसानं भांडी धाडली म्हनून आमी नारळ फोडला नि चुलीवर चढवली!"

तेव्हापासून होडीवाला रघू तांडेल नावामागचं शेपूट ऐकल्याशिवाय गाठोडं होडीत घेईना. कुणी नुसतं 'बोर्ली' म्हटलं की हात आडवा करून विचारायचा, "फुडं बोला!"

*

शेपूट दुसऱ्याला विचारणं सोपं. स्वतःच्या वेळी मीच विसरलो.

सारंगचाचांच्या पेटीत लढाईआधीची एक जर्मन प्राइसलिस्ट निघाली. त्यात कंदिलांची चित्रं अशी, की हात लावला तर पोळेल! म्हटलं, मुंबईचा दलाल कशाला हवा मधे? आपणच थेट कारखान्याला लिहू. गावाचं नाव फ्रांकफुर्ट. नावापुढे एक-दोन बारीक अक्षरं होती. मला वाटलं, 'आणि कंपनी'सारखं काही शोभेचं असेल. पाकिटावर जागाही नव्हती. दिली गाळून.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. कुणा भल्या कारकुनानं इंग्रजीत लिहिलं होतं : 'आपण विचारलेला कारखाना आमच्या गावात नाही. आमच्याच नावाचं दुसरं गाव ओडर नदीवर आहे. आम्ही माइन नदीवरचे. आपलं पत्र तिकडे पाठवलं आहे. परंतु आता मधे सरहद्द झाली आहे, किती दिवस लागतील सांगवत नाही.'

कंदील राहिला बाजूला, मी त्या पत्राकडेच बघत बसलो. एवढे मोठे कारखानदार लोक, आणि त्यांच्याकडेसुद्धा गावाबरोबर नदी सांगावी लागते!

सारंगचाचा पोट धरधरून हसले. "शेट, आपल्या रघ्यानं तुमचं पत्र होडीत घेतलंच नसतं!"

*

चाचांना हसायला काय झालं होतं! त्यांचाच किस्सा ऐका.

ऐन उमेदीत असताना त्यांची बोट हॅम्बुर्गला लागली होती. कप्तानानं त्यांना एक पार्सल दिलं. "माझ्या आईला नेऊन दे. गाव फ्रायबुर्ग. पाण्याकाठचं घर आहे, कुणीही दाखवील." चाचा स्टेशनवर गेले, गावाचं नाव सांगितलं, तिकीट घेतलं आणि गाडीत बसले.

आता फ्रायबुर्ग नावाचं एक चिमुकलं बंदर हॅम्बुर्गपासून जवळच, हॅम्बुर्गच्याच नदीवर. आणि दुसरं फ्रायबुर्ग पार त्या मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरात! तिकीट मिळालं डोंगरातलं. दिवसभर गाडी चालली आहे, चालली आहे. उतरले तर चहूकडे झाडी!

"मग हो, चाचा?"

"मग काय! जो भेटेल त्याला हातानं लाटा करून दाखवतोय. लोक बघतात नि रस्ता बदलतात! शेवटी एका म्हातारीनं दारात उभं केलं, गरम सूप दिलं. त्यात डुक्कर हाय का म्हणून मी विचारलं, तर तिनं कोबीचा गड्डा दाखवला."

"आणि पार्सल?"

"ते दिलं तिलाच."

मास्तर ताडकन उठले. "अहो, ते कप्तानाच्या आईचं होतं!"

"मास्तर," चाचा शांतपणे म्हणाले, "तीपण कुणाची तरी आई व्हतीच ना? परत एवढं ओझं कोण वाहील!"

*

या सगळ्यानं मास्तरांना नवा नाद लागला. एका नावाची किती गावं? आणि घबाड सापडलं ते चाचांच्याच घरी. जर्मन रेल्वेचं एक जाडजूड टाइमटेबल, शेवटी सगळ्या स्टेशनांची यादी. चाचांनी ते जुन्या बाजारात कशासाठी घेतलं होतं, तर कागद मऊ, तंबाखू बांधायला बरा! यादीची सुरुवातीची निम्मी पानं चाचांच्या तंबाखूत गेली होती. 'एन' अक्षर जेमतेम वाचलं होतं.

त्या 'एन'मध्ये मास्तरांना नॉयश्टाट सापडलं. एक नव्हे, दोन नव्हे, ओळीनं नॉयश्टाटच नॉयश्टाट! एक डॅन्यूब नदीवरचं, एक द्राक्षमळ्यांच्या रस्त्यावरचं, एक समुद्राजवळचं, एक काळ्या जंगलातलं. प्रत्येकाला वेगळं शेपूट. मास्तरांनी डिक्शनरी आणून अर्थ लावला : नवं गाव.

"काय माणसं आहेत!" मास्तर म्हणाले. "सातशे वर्षांपूर्वी वसवलं, आणि अजून म्हणतात नवं गाव!"

"मास्तर, तुम्ही पाणी कुठलं पिता?" मी विचारलं.

"नव्या विहिरीचं."

"ती माझ्या पणज्यानं खणली!"

मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

हा पुढचा किस्सा सांगताना मला हसू येत नाही, कारण चूक माझी आहे.

आमच्या मोहल्ल्यात आमिनाबी राहायच्या. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा युसूफ बोटीवर खलाशी. त्याचं पत्र आलं की त्या माझ्याकडे येत. मी पत्र वाचून दाखवायचो आणि पाकीट ठेवून घ्यायचो, कारण मला परदेशी तिकिटांचा शौक. तिकीट कापून पाण्यात टाकायचं आणि उरलेल्या पाकिटात गळ बांधून गिऱ्हाइकाला द्यायचे. व्यापाऱ्याच्या घरी कागद वाया जात नाही!

नये पैसे सुरू झाले त्या सुमारास एकदा मी मुंबईला मालाला गेलो होतो. मागे आमिनाबींना पत्र आलं. चाचांनी वाचायला घेतलं, पण चष्मा फुटलेला, मास्तर शाळेत, म्हणून म्हणाले, शेट येऊ दे. पत्र बाईंनी घरी नेलं आणि रिवाजाप्रमाणे पाकीट माझ्या गल्ल्यावर ठेवून गेल्या. मी परतलो, पाकीट दिसलं, तिकीट कापलं, राहिलेल्यात गळ बांधून दिले. पलीकडच्या कुठल्याशा कोळ्यानं नेले.

संध्याकाळी बाई पत्र घेऊन आल्या. अक्षर अनोळखी म्हणून त्या धास्तावलेल्याच होत्या. पत्र युसूफचं नव्हतंच! कुणा नर्सनं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या. युसूफला छातीचा आजार झाला आहे, बोटीवरून उतरवून इस्पितळात आणला आहे, ऑपरेशन झालं आहे, त्याला अजून लिहिता येत नाही. वर तारीख आणि एकच शब्द : नॉयश्टाट.

"कुठं हाय माझा पोर?" बाईंनी विचारलं.

मी विचारलं, "पाकिटाच्या मागे काही लिहिलेलं होतं का?"

"व्हतं की! चार वळी व्हत्या."

रघूला होडी काढायला लावली, पलीकडे जाऊन तो कोळी शोधला. तो म्हणाला, "पाकीट? त्यानं तर म्यां चिलीम पेटवली, शेट. कागुद लय झ्याक व्हता!"

परत आलो आणि बाईंना खरं ते सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. बाईंनी हातातलं पत्र माझ्या गल्ल्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "पत्ता तुमी घालवलाय, तुमीच हुडकून काढा."

*

पाण्यातून तिकीट काढून बघितलं. शिक्का पुसट, वाचता येईना. पण तिकीट पश्चिम जर्मनीचं होतं! पूर्वेची तिकिटं निराळी असतात. म्हणजे निम्मी नॉयश्टाटं आपोआप गळाली. तिकिटांच्या शौकानं केलेलं नुकसान त्याच शौकानं थोडं तरी भरून दिलं.

उरलेल्यांवरून दोघांची जुंपली. चाचा म्हणाले, "खलाशी बोटीवरून उतरवला म्हणजे समुद्राजवळचं. धक्क्यावरून माणूस लांब नेतात का?"

मास्तर म्हणाले, "छातीचा रोगी डोंगरातल्या हवेत नेतात. काळं जंगल!"

"मास्तर, तुम्ही कधी बोट बघितलीय?"

"चाचा, तुम्ही डोंगरात समुद्र शोधलेला माणूस!"

मी म्हटलं, भांडू नका. मला भाव कुठे बरा ते ठाऊक नसलं की मी एका व्यापाऱ्याला विचारत बसत नाही, सगळ्यांना लिहितो. मास्तरांनी मजकूर केला, मी निळी हवाई पत्रं आणली, आणि यादीतल्या पश्चिमेकडच्या एकूण एक नॉयश्टाटला पत्र लिहिलं : आमच्या गावची एक आई तिच्या मुलाला शोधते आहे. तो आपल्याकडे आहे का? या वेळी शेपूट एकाचंही गाळलं नाही!

आमिनाबींनी प्रत्येक पत्रावर हात ठेवला, ओठातल्या ओठात काही म्हणाल्या, मगच ती टपालात गेली.

*

उत्तरं येऊ लागली. टपालाची होडी लागायच्या आधी बाई दुकानात हजर.

पहिलं डॅन्यूबवाल्यांचं. 'आमच्याकडे नाही. पण काळजी करू नये. आम्हां सगळ्या नॉयश्टाटांना एकमेकांची पत्रं दर आठवड्याला चुकून येतात, त्यामुळे आमची एकमेकांशी ओळख आहे. मीही चौकशी करतो.'

दुसऱ्यानं आपल्या गावच्या वेशीचं रंगीत चित्र पाठवलं. मुलगा नाही, पण कधी आलात तर जरूर या!

तिसरं नुसतं जर्मन. चाचांनी नवा चष्मा लावून दोनदा वाचलं. त्यांचं जर्मन बंदरावर शिकलेलं. शेवटी म्हणाले, "यात एकपण शिवी न्हाय. म्हणजे चांगलंच लिहिलंय!"

मग समुद्राजवळच्या नॉयश्टाटचं आलं. पाकिटात फोटो! 'आमच्या इस्पितळात एक परदेशी खलाशी आहे. बोलणं कुणाला कळत नाही. हाच का आपला मुलगा?' चाचांनी मास्तरांकडे विजयी नजर टाकली. मी फोटो बाईंच्या हातात दिला. कुरळ्या केसांचा, मोठ्या मिशांचा कुणी ग्रीक नाहीतर तुर्की गडी होता.

"न्हाय," बाई म्हणाल्या. फोटो मात्र त्यांनी खाली ठेवला नाही. "ह्याच्या आईला कुनी कळवलंय का? लिवा मास्तर, विचारा."

मास्तरांनी लगेच लिहायला घेतलं.

त्यानंतर तीन आठवडे काही आलं नाही. बाई रोज येत, पोत्यावर बसत आणि होडी रिकामी गेली की उठून जात. एकदा जाताना मला म्हणाल्या, "शेट, गावं संपली तर मग?" 

मी यादी काढून उरलेली नॉयश्टाटं मोजू लागलो.

*

आणि एके दिवशी सकाळी एक पाकीट आलं. वरचं अक्षर बघूनच बाई उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मुलाचं अक्षर त्यांना ओळखता येत होतं.

काळं जंगल! मास्तर जिंकले होते. युसूफनं लिहिलं होतं : 'अम्मा, मी बरा आहे. चार पावलं चालतो. दोन-अडीच महिन्यांत सोडतील. नर्सनं तुला पत्ता कळवला होता ना, मग हे काय? इथे रोज कुठल्या ना कुठल्या गावाहून माझी चौकशी येते. डॉक्टर विचारतात, तू कुणी मोठा माणूस आहेस का?'

बाईंनी पत्र माझ्या हातून घेतलं, डोळ्यांना लावलं आणि घरी गेल्या. संध्याकाळी आमच्या तिघांच्या घरी गोड सांदणांची ताटं आली. 

चाचांनी हार कबूल केली का? छे! म्हणाले, "डोंगरात नेला ही त्यांची चूक. समुद्राजवळ ठेवला असता तर लवकर बरा झाला असता!"

*

युसूफ आला तो आंब्यांच्या दिवसांत. वाळला होता, पण हसत होता. दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन दुकानात आला. मास्तरांनी टाइमटेबलाचं ते पान त्याच्यापुढे धरलं आणि सगळी नॉयश्टाटं दाखवली. युसूफ बघतच राहिला. "एवढी? मास्तर, तिथल्या लोकांना विचारलं तर म्हणतात, नॉयश्टाट एकच, आमचंच!"

आम्ही हसतोय तेवढ्यात टपाल आलं. त्यात एक पाकीट जर्मनीचं. शिक्क्यावरून दिसलं की ते पोस्टात पडलं माघात, आणि हवाई तिकीट न लावल्यामुळे बोटीनं रखडत आलं.

मास्तर मोठ्यानं वाचू लागले. कुठल्याशा डोंगरातलं नॉयश्टाट. नावापुरतंच गाव, एकूण पंधरा-वीस घरं. लिहिणारा तिथला शाळामास्तर. 'आपलं पत्र मिळालं. आमच्या गावात इस्पितळ नाही, म्हणून आम्ही प्रत्येक घरी जाऊन विचारलं. युसूफ अजून सापडलेला नाही. वरच्या अंगाला दोन घरं आहेत, त्यांची वाट बर्फानं बंद झाली आहे. एखाद्या वाटसरूला त्यांनी ठेवून घेतलं असेल तर सांगता येत नाही. बर्फ वितळलं की आम्ही चौघे जण तिथे चढून जाऊ आणि कळवू. त्याच्या आईला सांगावं, आम्ही शोध थांबवलेला नाही.'

मास्तर थांबले. मग बोटांवर महिने मोजत म्हणाले, "बर्फ तर आता वितळलंच असेल."

"म्हंजी?" आमिनाबी ताडकन उभ्या राहिल्या. "म्हंजी ते डोंगर चढायला लागले आसतील! मास्तर, तार करा! शेट, रघूला हाक मारा, पलीकडं जाऊन तार करायला सांगा!"

युसूफनं हसत तिचा पदर ओढला. "अम्मा, अगं बस की! मी हाय ना हितं!"

"तू गप ऱ्हा!" बाई पायात चपला सरकवत म्हणाल्या. "तू हायस हे मला ठावं हाय. त्यास्नी कुठं ठावं हाय?"